डावीकडून हर्मन

“अरे, चाटतोस काय त्याला, ऑटो!” मी ओरडले.

“चाटायचंच असतं याला,” ऑटो म्हणाला, आणि फिल्मच्या गुंडाळीवरची कागदी पट्टी त्याने जिभेने या टोकापासून त्या टोकापर्यंत ओली केली. मग अंगठ्याने दाबून बसवली. “डिंक आहे हिला, पाकिटाला असतो तसा. रोल संपला की चाटून बंद करायचा. हे बघ, छापलंयसुद्धा.”

छापलं होतं खरं. पण ऑटो राडमानचा काही नेम नाही. फ्लॅशचा बल्ब लावतानाही तो बल्बचं बूड आधी चाटतो. ओलं असलं की वीज नीट लागते म्हणतो. मी त्याच्याबरोबर गावातली लग्नं, पुलांची उद्घाटनं आणि गाईंची प्रदर्शनं करत आले, आणि प्रत्येक ठिकाणी कोणी ना कोणी मला बाजूला घेऊन विचारलंच, “काय हो, तुमच्या फोटोग्राफरला पेपरवाले जेवायला घालत नाहीत का?”

माझं काम नावांचं. ऑटोने फोटो काढायचा, मी नावं विचारून घ्यायची आणि खाली छापायची: ‘डावीकडून, अमुक, तमुक.’ विस्कॉन्सिनमधलं आमचं गाव म्हणजे दूध, चीज आणि चुलत-मावस नाती. एखादं नाव चुकलं तर दुसऱ्या दिवशी सगळं घराणं पेपरच्या दारात उभं. त्यामुळे मला लिओना म्हणून हाक मारणारे थोडे आणि ‘डावीकडून’ म्हणणारे फार. मला त्याचं काही वाटत नाही. खोटं कशाला सांगू, थोडं वाटतं.

तर हा रोल आला तो आमच्या नव्या संपादकांमुळे. व्हिटकॉम्ब साहेब शिकागोहून आले होते आणि तिथली घाई बरोबर घेऊन आले होते. ऑटोचा कॅमेरा म्हणजे पत्रकारांचा तो जुना, पेटीएवढा, पुढे भाता असलेला. त्याच्या पाठीत एक चौकट सरकवायची. चौकटीच्या एका बाजूला एक फिल्म, दुसऱ्या बाजूला दुसरी. फिल्मच्या तोंडावर एक पातळ पत्रा असतो, उजेड आत जाऊ नये म्हणून. पत्रा ओढायचा, खटका दाबायचा, पत्रा परत घालायचा, चौकट काढून खिशात. ऑटो प्रत्येक प्रसंगाचा एकच फोटो काढायचा. लोक त्याला ‘एकदाच ऑटो’ म्हणत, आणि तो ते पदवीसारखं मिरवायचा.

मग वाचनालयाच्या उद्घाटनाला महापौरांचे डोळे मिटले. नेमके खटका दाबताना मिटले. आमच्याकडे दुसरा फोटो नव्हता, म्हणून तोच छापला. छातीवर फुलं खोचलेले, डोळे मिटलेले, हाताची घडी घातलेले महापौर पहिल्या पानावर पाहून त्यांच्या घरी दोन ठिकाणांहून पुष्पचक्रं गेली.

“एकच फोटो का काढलात?” व्हिटकॉम्ब साहेबांनी विचारलं.

“डोळे त्यांनी मिटले साहेब, मी नाही,” ऑटो म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात टेबलावर तो डबा आला. कॅमेऱ्याच्या पाठीला चौकटीऐवजी लावायचा धातूचा डबा, त्याला चावी, आकडा दाखवणारी बारीक खिडकी. आत फिल्मचा रोल भरायचा, एका रोलवर आठ फोटो. “आठही काढायचे,” साहेबांनी बजावलं. “प्रत्येक ठिकाणी. मला निवडायला मिळालं पाहिजे.”

“एका माणसाचे आठ फोटो!” ऑटो माझ्यापाशी येऊन पुटपुटला. “आठव्यात काय तो देखणा होणार आहे?”

पण हुकूम तो हुकूम. ऑटो डबा भरायला शिकू लागला आणि आमच्या कचेरीची करमणूक सुरू झाली. फिल्मच्या पाठीला कागद चिकटलेला असतो. कागदाची एक बाजू काळी, एक रंगीत. ती कुठे वळवायची, कोणत्या रुळावरून न्यायची, कोणत्या फटीत खोचायची, याचं चित्र डब्यात चिकटवलेलं होतं, पण ते पाहायला ऑटोने चष्मा लावायला हवा ना! पहिला रोल त्याने उलटा भरला. फिल्म मागे आणि कागद पुढे. अग्निशामक दलाच्या मेजवानीचे आठ फोटो त्याने कागदाचे काढले. दुसऱ्या वेळी कागदावरचा बाण डब्यावरच्या खुणेशी जुळवायचा राहिला, तसाच डबा बंद केला आणि सगळं सरकलं. ‘दुग्धराणी’ स्पर्धेतल्या विजेतीचं डोकं गेलं, गाय मात्र झकास आली. विजेतीच्या आईने मला फोन करून विचारलं की आता खाली ‘डावीकडून’ काय लिहिणार आहात.

तिसऱ्या वेळेपासून मात्र गडी सुधारला. चष्मा लावून, ओठ दाबून, बाण खुणेवर आणायचा, डबा खट् करून लावायचा, खिडकीत ‘१’ येईपर्यंत चावी फिरवायची. दोन-तीन साध्या कामांवर डबा नेऊन तो धडपणे फोटो आणू लागला. तेव्हाही पुढे काय करायचं याची आठवण करायला साहेबांनी पाठवलेला कोणी ना कोणी त्याच्याशेजारी असायचा. आणि नेमका तेव्हाच अल्विनाकाकूंचा फोन आला.

“लिओना, शनिवारी आमची पन्नास वर्षं भरतायत. राडमानाच्या पोराला पाठव.”

राडमानाचं पोर म्हणजे ऑटो. टक्कल पडलेलं, आजोबा झालेलं पोर.

“काकू, नक्की त्यालाच?” मी विचारलं.

“त्यालाच. त्याच्या बापाकडे माझा एक फोटो राहिलाय.”

हे प्रकरण गावात सगळ्यांना ठाऊक होतं. अल्विना आणि हर्मन टेस्के यांचं लग्न झालं तेव्हा ऑटोचे वडील, गुस्टाव्ह राडमान, गावातले एकुलते एक फोटोग्राफर. त्यांनी नवरानवरीला रंगवलेल्या धबधब्यापुढे बसवलं, डोकी मागून आकड्यात अडकवली आणि म्हणाले, हलू नका. अल्विना हलली नाही. नाकावर माशी बसली तरी हलली नाही. आणि गुस्टाव्ह राडमान पत्रा काढायलाच विसरले. तेव्हा फिल्मच्या जागी काच असायची; ती कोरी निघाली. कळलं तोवर नवरी सासरी जाऊन गाईंच्या धारा काढत होती आणि उसना आणलेला पोशाख परत गेला होता. “फुकट पुन्हा काढून देतो,” ते घरी जाऊन म्हणाले. “मी एकदाच नवरी झाले,” असं म्हणून तिने दार लावून घेतलं.

त्यानंतर दोघांचा एकत्र फोटो निघालाच नाही. हर्मनकाकांना एका जागी बसणं माहीतच नव्हतं. टेस्क्यांच्या अल्बममध्ये काकू आहेत, मुलं आहेत, नातवंडं आहेत, बदकं आहेत. हर्मनकाकांचं एक कोपर आहे, आणि एका फोटोत कडेने बाहेर पडणारा बूट. त्यात त्या हिवाळ्यापासून काकांचं हृदय कुरकुर करू लागलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, घरी बसा. काका डॉक्टरांनाच मासे पकडायला घेऊन गेले.

“या वेळी नाही निघाला तर निघणार नाही,” काकू फोनवर म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, भांडखोर. पण फोन ठेवायला त्यांनी जरा वेळ लावला.

हे ऐकून ऑटोच्या तोंडचं पाणी पळालं. “साहेब, हे एक काम मी जुन्या चौकटीवर करतो,” तो व्हिटकॉम्ब साहेबांना म्हणाला. साहेब म्हणाले, आठ. ऑटोने पुष्कळ विनवलं. साहेब म्हणाले, आठच, आणि महापौरांचा तो अंक टेबलावर ठेवला.

शनिवारी लूथरन चर्चच्या सभागृहात जाताना गाडीत ऑटोने मला शपथच घातली. “लिओना, तू माझ्या शेजारी उभी राहा. प्रत्येक फोटोच्या आधी विचार, ‘पत्रा?’ मी ‘काढला’ म्हणेन, मगच खटका. या डब्यालाही पत्रा आहे. बापाचं झालं ते माझं नको व्हायला. लोक म्हणतील, या घराण्याला पत्र्याचा शापच आहे.”

“विचारीन,” मी म्हटलं.

“प्रत्येक वेळी.”

“अरे, विचारीन म्हटलं ना! आता पुढे बघून गाडी चालव.”

सभागृह माणसांनी आणि सॉसेजच्या वासाने भरलेलं होतं. अकॉर्डियन चालू, बिअरची पिंपं चालू. स्टेजवर गडद निळा मखमली पडदा, त्यापुढे दोन खुर्च्या. ऑटोने तिकाटणं उभं केलं, कॅमेरा चढवला, डबा उघडून नवा रोल भरला. बाण खुणेवर, डबा बंद, चावी, खिडकीत ‘१’. मी स्वतः पाहिलं. इतकं सुरेख भरलं त्याने की मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

अल्विनाकाकू येऊन बसल्या. काळा पोशाख, छातीवर पांढरं फूल, पाठ ताठ, हात मांडीवर. “तेव्हा हलले नव्हते, आताही हलणार नाही,” त्यांनी ऑटोला सुनावलं. “तुझ्या बापाला सांग जाऊन.”

“बाप वारला काकू.”

“मग नंतर सांग.”

हर्मनकाकांना दोन मुलांनी धरून आणलं आणि खुर्चीत बसवलं. काका गुटगुटीत, कानाने ठार बहिरे, चेहऱ्यावर कायम कुठेतरी निघाल्याचा भाव.

“पत्रा?” मी विचारलं.

“काढला.” बल्ब चाटला. खटका. लख्ख उजेड.

“झालं!” काका म्हणाले. उजेड पडतानाच ते उठत होते.

“नाही झालं, बसा!” सगळं सभागृह ओरडलं. ऑटोने पत्रा घातला, बल्ब बदलला.

“पत्रा?”

“काढला.” खटका. तोवर काका अर्धे उठून दाराशी आलेल्या कोणाला तरी हात करत होते. तिसऱ्या वेळी त्यांच्या हातात कुठूनसा बिअरचा मग आला होता. चौथ्या वेळी ते मान वळवून अकॉर्डियनवाल्याला, हे नको, ते दुसरं वाजव, असं खुणेने सांगत होते. पाचव्याला शिंकले.

“अहो हर्मन, बसा की नीट!” काकू दातांमधून म्हणाल्या. ओठसुद्धा हलू दिले नाहीत त्यांनी.

“काय?” काका म्हणाले.

सहाव्या वेळी काकूंच्या छातीवरचं फूल गळून मांडीवर पडलं. काकू ते उचलेनात, कारण हलायचं नाही. काकांनी ते पाहिलं. वाकले, फूल उचललं आणि आपल्या जाड बोटांनी पुन्हा खोचू लागले. “पत्रा?” “काढला.” उजेड पडला. सातव्या वेळी काका खुर्चीच्या मागे जाऊन काहीतरी शोधत होते. आठव्या वेळी एकदाचे शहाण्यासारखे बसले, आणि ते पाहून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“एकदाही विसरलो नाही!” ऑटो मला म्हणाला. घामाने निथळत होता, पण चेहरा फुललेला. रोल गुंडाळायला त्याने चावी फिरवायला घेतली. फिरवतोय, फिरवतोय, संपेचना. मला वाटलं, नवा डबा आहे, असेल त्याची तऱ्हा. शेवटी रोल निघाला. ऑटोने पट्टी आनंदाने चाटली.

डार्करूममधून त्याची हाक आली ती माणसाची वाटली नाही. मी धावत गेले. ओली फिल्म दिव्यासमोर धरून तो उभा होता. लांबच्या लांब कोरी पट्टी, आणि सुरुवातीला एक काळाकुट्ट चौकोन.

“चावी,” तो म्हणाला.

मी डोक्याला हात लावला. पत्रा आठही वेळा काढला होता. प्रत्येक फोटोनंतर चावी फिरवून फिल्म पुढे सरकवायची असते, ती एकदाही सरकवली नव्हती. जन्मभर चौकट बदलली की काम झालं, त्या हाताला चावीची सवय कुठली! आठ फोटो एकावर एक, एकाच जागी बसले होते. आणि हो, मला पत्र्याचं विचारायला सांगितलं होतं. चावीचं नाही. हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते.

“दोन पिढ्या,” ऑटो म्हणाला आणि स्टुलावर बसला. “बापाने काहीच नाही काढलं, मी सगळं एकदम काढलं.” मला हसू आलं, मग त्याचा चेहरा पाहून गिळावं लागलं. तो रडत होता.

तरीही त्याने त्या काळ्या चौकोनाचा फोटो छापला. छपाईला खूप वेळ उजेड द्यावा लागला. कागदावर चित्र हळूहळू उमटलं आणि आम्ही दोघं त्यावर वाकलो.

मग ऑटो म्हणाला, “मी उद्या जातो. जुनी चौकट घेऊन. पाया पडून पुन्हा काढतो.”

रविवारी चर्च सुटल्यावर आम्ही टेस्क्यांच्या शेतावर गेलो. ऑटोच्या एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात पाकीट, टोपी काखेत. काकू स्वयंपाकघरात बटाटे सोलत होत्या.

“काढलास का पत्रा?” त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला.

“काढला काकू. पण…” ऑटोने पाकीट पुढे केलं. “आजच्या आज दुसरा काढून देतो. एकच काढतो. माझ्या पद्धतीने. हर्मनकाकांना बोलवा.”

काकूंनी हात पुसले, फोटो खिडकीशी नेला.

फोटोत काळ्या आलेल्या पडद्यापुढे मधोमध काकू बसल्या होत्या. आठही वेळा तसूभर न हलता बसल्या होत्या, म्हणून स्पष्ट आल्या होत्या. आठ बल्बांचा उजेड एकाच चेहऱ्यावर पडून चेहरा कंदिलासारखा दिसत होता. आणि भोवती हर्मनकाका. धुरकट, आरपार दिसणारे. एक उठणारे, एक हात करणारे, एक मगवाले, एक मान वळवलेले, एक शिंकणारे. एक खुर्चीमागून डोकावणारे. एक शहाण्यासारखे बसलेले. आणि एक काकूंवर वाकलेले.

काकूंनी फोटो डोळ्यांजवळ नेला. ऑटो टोपी चुरगळत उभा.

आधी काकूंचे खांदे हलले. मला वाटलं, झालं, रडल्या. मग त्या अशा हसल्या की बाहेर कुत्रं भुंकायला लागलं. हसता हसता खुर्चीत बसल्या, एप्रनने डोळे पुसले.

“अगं बाई! हेच की ते! पन्नास वर्षं मी हेच पाहतेय!” त्या म्हणाल्या. “मी बसलेली, आणि हा सगळीकडे!”

“काकू, पण नीट एक काढू द्या…”

“हर्मन!” काकूंनी खिडकीतून हाक मारली. खळ्यापलीकडे काका गळ खांद्यावर टाकून तळ्याकडे निघाले होते. कानाने ठार. काकूंनी दुसरी हाक मारली नाही. “जाऊ दे त्याला. मला हाच पाहिजे. फिटलं राडमानांचं.”

ऑटोने कॅमेरा उघडलाच नाही. काकूंनी त्याला पोटभर बटाट्याची धिरडी आणि सफरचंदाचा मुरंबा खायला घातला. आणि निघताना मला म्हणाल्या, “काय गं डावीकडून, खाली काय लिहिणार?”

मी लिहिलं: ‘डावीकडून: हर्मन टेस्के, हर्मन टेस्के, हर्मन टेस्के, हर्मन टेस्के, सौ. अल्विना टेस्के (बसलेल्या), हर्मन टेस्के, हर्मन टेस्के, हर्मन टेस्के व हर्मन टेस्के.’ व्हिटकॉम्ब साहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला, परत लावला, फोटो पाहिला. निवडायला काहीच नव्हतं. छापला. गावाने ते कात्रण फ्रिजच्या दारांवर लावलं, आणि चीजच्या कारखान्यात काका दिसले की लोक विचारू लागले, “तुम्ही यातले कितवे?” काका म्हणायचे, “काय?”

फेब्रुवारीत, तळं गोठलेलं असताना, हर्मनकाका बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसले होते. संध्याकाळ झाली तरी ते उठून कुठे निघाले नाहीत, तेव्हा शेजाऱ्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी अल्विनाकाकू स्वतः पेपरच्या कचेरीत आल्या. काळा कोट, काखेत भिंतीवरून काढलेला तो फोटो, काचेसकट. आमच्याकडे मृत्यूच्या बातमीत एकट्याचाच चेहरा छापायची रीत आहे. अल्बममध्ये कोपर होतं आणि बूट होता. दुसरं काही नव्हतं.

ऑटोने फोटो टेबलावर ठेवला. “काकू, हे शेवटचे घेऊ. नीट बसलेत. समोर पाहतायत.”

“ते नकोत,” काकू म्हणाल्या. त्यांनी हातमोजा काढला आणि काचेवर बोट ठेवलं. वाकलेल्या हर्मनवर, हातात फूल होतं त्या. “हा.”

ऑटोने भिंग लावून पाहिलं. काकांचा गाल काकूंच्या गालात मिसळला होता. कुठे हा संपतो, कुठे ती सुरू होते, सांगता येत नव्हतं. “काकू,” तो हळूच म्हणाला, “याला कापलं तर तुमचा अर्धा चेहरा येईल त्याच्याबरोबर.”

“मग येऊ दे की,” काकू म्हणाल्या.

ऑटोने कचेरीतल्या प्रतीवर मोजपट्टी लावून रेघ मारली. रेघ सरळ आली. मी खाली नाव लिहिलं. ‘डावीकडून’ लिहिलं नाही.

अंक निघाला त्या सकाळी फोन वाजत राहिला. टेस्क्यांच्या फोटोची कापणी चुकलीय, शेजारच्या कोणाचा तरी अर्धा चेहरा आलाय, असं जो तो सांगत होता. ऑटो समोर बसून नवा रोल भरत होता, ओठ दाबून. मी प्रत्येकाला तेच सांगितलं. चूक नाही हो, म्हटलं. काकूंशिवाय हर्मनकाका पुरे होत नाहीत.